तिसरी खूण

वर्तकांनी उभ्या आयुष्यात न पाहिलेली गोष्ट 'पाहिली' म्हणून लिहिली नाही, आणि त्यांनाच चारचौघांत खोटारडं ठरवलं गेलं. ठरवणाऱ्यांत मी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई नेमकी कुणावर एवढी डाफरते आहे असा प्रश्न तुम्हाला पडायला नको. मी सरपोतदारांवर चिडले आहे, त्या हॉलमध्ये बसलेल्या झाडून सगळ्यांवर चिडले आहे, थोडीशी वर्तकांवरही चिडले आहे. उरलेला सगळा राग माझ्या स्वतःच्या वाट्याचा आहे.

वर्तक मूळचे वसईचे. इथे सिंगापुरात, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या आयटीत आमच्या टेस्टिंग टीमचे लीड होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे आमचं काम. साठीला टेकलेला, उंच, किडकिडीत माणूस. खिशात हाताच्या पंजाएवढी वही आणि आखूड पेन्सिल. पेन कधीच नाही, कारण भिजलं की शाई पसरते आणि मग काय लिहिलं होतं ते आठवून सांगावं लागतं. आठवून सांगणाऱ्या माणसांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता.

मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, "बहुतेक ते चालतंय," की वर्तक मान वर करायचे. "बहुतेक कोण? तू की प्रोग्रॅम?" समोरचा चिनी किंवा मलय असला तर तेच इंग्रजीत, "यू सॉ, ऑर यू थिंक?" आमची प्रोजेक्ट मॅनेजर मे लिंग रडकुंडीला यायची. "वर्तक आह, जस्ट साइन लाह, एव्हरीबडी वेटिंग!" वर्तक सही करायचे नाहीत. सगळं ऑफिस त्यांच्या नावाने बोटं मोडायचं. मीही मोडायचे, कारण त्यांनी अडवलेल्या प्रत्येक कामापायी माझी शुक्रवारची संध्याकाळ वाया जायची.

एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं. होळीची पुरणपोळी होती. बायको वसईला, सासूच्या आजारपणात अडकलेली, आणि हे क्वीन्सटाउनला एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायचे. म्हटलं, दोन घास गोडाधोडाचे खातील. आमटीचा पहिला भुरका मारून म्हणाले, "छान आहे. पण ही कटाची आमटी नाही."

"अहो, कटाचीच आहे."

"ही तुरीच्या डाळीची आहे."

होती तुरीचीच. पुरणाला डाळ जेमतेम पुरली, कट निघालाच नाही, मग मी वेळ मारून नेली होती. नवरा माझ्याकडे बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. वर्तक मात्र हसले नाहीत. त्यांनी ती आमटी तीनदा मागून घेतली आणि वर म्हणाले, "तुरीची आमटी म्हणून ही उत्तम आहे." मला त्यांचा इतका राग आला होता की विड्याचं पान द्यायचंही मी विसरले.

अशा माणसाला पक्ष्यांचा नाद असावा, आणि तोही कुठल्या पक्ष्यांचा, तर पाणथळीत चिखल तुडवणाऱ्या, सगळे एकसारखे दिसणाऱ्या करड्या-तपकिरी पक्ष्यांचा. तुतवार, चिखल्या, टिलवे. सैबेरियाकडून हिवाळ्यात उतरतात आणि मार्चमध्ये परत जातात. दर शनिवारी वर्तक एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, क्रांजीला जायचे, तिथून बसने राखीव पाणथळीत, आणि तळ्याकाठच्या लाकडी आडोशात तासन्‌तास बसायचे. दोन-चारदा मी त्यांच्याबरोबर गेले, ते मुलाला शाळेसाठी पक्ष्यांचा प्रोजेक्ट करायचा होता म्हणून.

पहिल्या दिवशी मुलाने बोट दाखवून विचारलं, "अंकल, व्हॉट बर्ड इज दॅट?"

"पाय बघितलेस?"

"पाय? इट्स जस्ट अ बर्ड, लाह."

"तू जस्ट अ बॉय आहेस का?" वर्तक म्हणाले, आणि त्याला त्यांनी दुर्बीण दिली.

वर्तकांचे फोटो म्हणजे एक प्रकरणच होतं. शंभर फोटोंतल्या नव्वदांत नुसते पाय. चोच कापलेली, पाठ कापलेली, गुडघ्यापासून खाली सगळं स्पष्ट. पक्षी पायांवरून आणि चालीवरून ओळखावा, असं त्यांचं म्हणणं. पिसं ऋतूप्रमाणे बदलतात, पाय नाही. किमान तीन खुणा स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते वहीत पक्ष्याचं नाव लिहीत नसत. दोनच दिसल्या तर लिहायचे, 'नक्की नाही'. त्यांच्या वह्यांची पानंच्या पानं 'नक्की नाही'ने भरलेली होती. मला ते बघून कीव यायची. म्हटलं, एवढा खटाटोप करून माणसाच्या हाती लागलं काय, तर नक्की नाही!

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते झांबियात. सिंगापूरच्या आधी ते तिकडे सहा वर्षं नोकरीला होते. तिथल्या एका अभयारण्यात पाण्यात उतरून फिरणारे पक्षी हजारोंनी येतात, आणि बांडा नावाचा एक वनरक्षक लोकांना ते दाखवायचा. वर्तक नवा कॅमेरा गळ्यात घालून गेले. पहिल्याच दिवशी काळ्या पायांचा एक पक्षी टिपला, पुस्तकात नाव शोधलं आणि दुर्मीळ पक्षी सापडला म्हणून ऑफिसच्या कॅलेंडरवर छापूनही घेतला. ते कॅलेंडर अभिमानाने बांडाला नेऊन दिलं. बांडाने बघितलं, आणि हसत हसत तो खालीच बसला. पाय पिवळेच होते. वर काळा चिखल होता.

"ऑफिसच्या भिंतीवर वर्षभर माझी चूक टांगलेली होती," वर्तक सांगायचे. "बांडा म्हणाला, चिखलातला पक्षी ओळखायची घाई झाली असेल तर घरी जा. तो कधीतरी स्वच्छ पाण्यातून चालेल. तोवर बसायचं." हे सांगताना मात्र ते हसायचे. ऑफिसात ते कधी हसल्याचं मी पाहिलं नाही.

आता सरपोतदार. हे आमच्या बँकेत व्हाइस प्रेसिडेंट. वर्तकांचे साहेब, म्हणजे माझ्या साहेबांचे साहेब. बोलायला गोड, सगळ्यांच्या मुलांची नावं पाठ, कुणाच्याही घरी लागलं-सवरलं तर पहिला फोन यांचा. आणि छंद फोटोग्राफीचा. त्यांनी आमच्यातल्या मराठी लोकांचा एक ग्रुप काढला होता, 'क्लिक मंडळी'. बंदुकीएवढाल्या लेन्सा, एकसारख्या टोप्या, डब्यात चकल्या. शनिवारी पाणथळीवर जायचं आणि मग कुठल्याशा हॉकर सेंटरला नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खात एकमेकांच्या फोटोंना 'क्या बात है' म्हणायचं. मीही त्या ग्रुपमध्ये होते. साहेब ज्या ग्रुपमध्ये असतो त्यात आपण असतोच.

आणि या मंडळींचा एक परवलीचा शब्द होता: उडव. बसलेला पक्षी म्हणजे कंटाळवाणा फोटो. पंख पसरलेला थवा हवा. मग कुणीतरी टाळी वाजवायची, नाहीतर आडोशाच्या फळीवर हात आपटायचा. "उडव रे!" म्हटलं की थवा उठायचा आणि कॅमेरे खडाखडा चालायचे. वर्तकांच्या समोर हे पहिल्यांदा झालं तेव्हा ते ताडकन उठले.

"साहेब, भरती आहे. बाहेरचा सगळा चिखल पाण्याखाली आहे. यांना टेकायला हे एवढंच तळं आहे. महिन्याभरात त्यांना सैबेरिया गाठायचंय. अंगावर चढवलेली चरबी तुम्ही एका फोटोसाठी जाळताय."

"अहो वर्तक, पक्षी उडण्यासाठीच असतात!" सरपोतदार म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले.

"तुम्ही सगळंच उडवता," वर्तक म्हणाले. "पक्षीही आणि माणसंही."

त्यानंतर ग्रुपमध्ये वर्तकांचं नाव 'इन्स्पेक्टर' पडलं. ते आडोशात असले की कुणी टाळी वाजवायचं नाही, असं ठरलंही होतं. म्हणजे चुकीचं आहे हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

मग मार्चमधला तो शनिवार आला. आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो तर वर्तक आडोशाच्या अगदी टोकाला, दुर्बिणीला डोळा लावून बसलेले. आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी जवळ गेले. मला हळू आवाजात म्हणाले, "रश्मी, लाल टिलव्यांच्या थव्यात डावीकडून चौथा. बघ."

मला एक करडा पक्षी दिसला.

"ठिपकेदार टिलवा असावा. जगात फार थोडे उरलेत. झांबियात तर येतच नाही हा. इथे बारा वर्षं शोधतोय. चोच जाड आहे, बुडाशी पिवळट, पाहिली. मान आखूड, पाहिली. पाय पिवळे असायला हवेत. पण चिखलात उभाय. सातपासून बसलोय. पाणी चढतंय, आता तो चालेल."

एवढं बोलून ते पुन्हा दुर्बिणीत शिरले. मी माझ्या जागेवर आले. मला काय सांगितलं ते मला समजलं होतं. बारा वर्षं, हा शब्द मी ऐकला होता.

सरपोतदारांनी लेन्स रोखली होती. टोकाला कोण बसलंय ते त्यांना दिसत होतं, पण उजेड छान पडला होता. डोळा न हलवता ते म्हणाले, "रश्मी, उडव गं."

आणि मी टाळी वाजवली.

का, ते विचारू नका. मी स्वतःला विचारून थकले आहे. त्या क्षणी नोकरी, इथे राहायचा वर्क पास, बढती, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. जेवताना कुणी मीठ दे म्हटलं की आपण मीठ देतो, तसं झालं. सगळं तळं एकदम उठलं. कॅमेरे कडाडले. थवा खारफुटीवरून वळला आणि खाडीपलीकडे, मलेशियातल्या जोहोरच्या बाजूला गेला. पाण्यावर दोन-चार पिसं तेवढी राहिली.

वर्तक दुर्बीण तशीच धरून बसून राहिले. खूप वेळाने त्यांनी वही काढली, काहीतरी लिहिलं, आणि आमच्यामधून वाट काढत निघून गेले. टाळी कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही.

गुढीपाडव्याच्या पुढच्या रविवारी क्लिक मंडळींचं प्रदर्शन होतं. तोआ पायोहमध्ये एक हॉल घेतला होता. परीक्षक म्हणून लिम नावाचे एक निवृत्त फोटोग्राफर बोलावले होते, भला माणूस. नियमांच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं, की पक्ष्यांना त्रास देऊन काढलेला फोटो बाद. नियम सरपोतदारांनीच लिहिले होते. पहिलं बक्षीस त्यांच्याच फोटोला होतं. फोटोचं नाव, 'भरारी'.

आणि काय फोटो होता! मधोमध तोच पक्षी. पाण्यातून धावत उठताना त्याचे पाय धुतले गेले होते. पिवळेधमक पाय.

हा टिलवा वर्तक बारा वर्षं शोधत होते, हे मीच मंडळींना सांगून बसले होते; वर्तक हॉलमध्ये आले तसे लोक त्यांना हाताला धरून फोटोपुढे घेऊन आले. सरपोतदारांनी मोठ्या मनाने जाहीर केलं, "हा बघा तुमचा टिलवा! तुमची नोंद पक्की झाली. खाली तुमचंही नाव घालू, 'ओळख: वर्तक'."

वर्तकांनी चष्मा काढून, फोटोला नाक लावून ते पाय पाहिले. बारा वर्षं हेच पाय शोधले होते त्यांनी. मला वाटलं, आता हा माणूस विरघळणार. अहो, कुणीही विरघळला असता.

"हा पक्षी मी पाहिलेला नाही," वर्तक म्हणाले.

मग त्यांनी खिशातून एक कागद काढून लिमसाहेबांना दिला. मी तो बाजूने वाचला. आमच्या ऑफिसात प्रोग्रॅममधल्या चुकांचा रिपोर्ट लिहितात, तसाच हुबेहूब लिहिला होता, इंग्रजीत. चूक घडवण्याच्या पायऱ्या: भरती येऊ द्यावी. पक्षी तळ्यावर बसू द्यावेत. टाळी वाजवावी. अपेक्षित परिणाम: पक्षी बसून राहावेत. प्रत्यक्ष परिणाम: सर्व पक्षी उडाले. गांभीर्य: सर्वोच्च. आणि खाली एक टीप होती. 'टाळी माझ्या पाठीमागे वाजली. कुणी वाजवली हे मी पाहिलेले नाही. माझी नजर पक्ष्यावर होती. साक्षीदार: रश्मी.'

साक्षीदार म्हणून माझं नाव. मी खरं बोलेन याची त्या माणसाला खात्री होती. तीन खुणांशिवाय कशाचीही खात्री न देणाऱ्या माणसाला माझी खात्री होती! यासाठी मी त्यांच्यावर चिडले आहे, आजही. कुणी सांगितलं होतं माझ्यावर विश्वास ठेवायला?

लिमसाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि मला जवळ बोलावलं. "यू वेअर देअर, आह? गॉट पीपल क्लॅप ऑर नॉट?"

सरपोतदार माझ्याकडे बघत होते, तेच नेहमीचं, घरच्यासारखं हसू चेहऱ्यावर ठेवून. माझ्या पासचं रिन्युअल मेमध्ये होतं आणि कागद त्यांच्या टेबलावरून जाणार होते. मुलाची शाळा, घराचं लीज, सगळं त्या एका कागदाला टांगलेलं. या वेळी मात्र डोक्यात सगळं होतं. एकूणएक.

"आय डिडन्ट हिअर एनी क्लॅप," मी म्हणाले.

कुणीतरी मागून म्हणालं, "जळतात हो, दुसरं काय!" आणखी कुणी म्हणालं, "एवढे ज्येष्ठ, आणि खोटं बोलायचं?" लिमसाहेबांनी कागदाची घडी घालून परत दिली. "वन पर्सन से ओन्ली, हाऊ कॅन?" बिचारे खरोखरच खजील झाले होते. सरपोतदारांनी वर तोंड करून वर्तकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ द्या हो, वय झालं की भास होतात. आपण माफ करू." चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, ते याला. आणि त्या चोराला हात मी दिला होता.

वर्तकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. रागाने नाही. चष्मा वर करून, नीट, दुर्बिणीतून बघावं तसं. मग ते गेले.

जूनमध्ये आमच्या विभागात रीस्ट्रक्चरिंग झालं आणि वर्तकांची जागा गेली. त्या प्रकरणामुळेच गेली असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आणखीही दोघांची गेली होती. माझा पास त्याआधीच रिन्यू होऊन आला होता. वर्तकांना निरोप द्यायला केक आणला होता, तो सरपोतदारांनी कापायला लावला. भाषणात त्यांनी वर्तकांना 'आमच्या टीमचा डोळा' म्हटलं. मला त्या केकचा घास गिळवेना. पण मी तो गिळलाच, कारण सगळे बघत होते.

वर्तक निघायच्या आधीच्या शनिवारी मी क्रांजीला गेले. एकटीच. जूनमध्ये तळ्यावर कुणी नसतं. टिलवे केव्हाच उत्तरेला गेलेले असतात. एक घोरपड काठाने चालली होती आणि दोन बगळे होते. वर्तक आपल्या नेहमीच्या टोकाला बसले होते. कॅमेरा नव्हता, नुसती वही मांडीवर.

मी बाजूला बसले. काय काय बोलायचं ते एमआरटीत घोकून आले होते, त्यातलं काहीच आठवलं नाही.

"सर, टाळी मी वाजवली होती."

ते तळ्याकडेच बघत होते. बगळ्याने एक मासा पकडला, गिळला, चार पावलं पुढे गेला. मी म्हटलं, "ऐकलंत ना? मीच. मी आता लिमसाहेबांना लिहून देते. ग्रुपवर टाकते, सगळ्यांसमोर. सरपोतदारांना काय करायचं ते करू देत. वाटलं तर तुमच्या वहीत लिहा, मी सही करते."

मला रडू फुटलं होतं, आणि रडू फुटल्याचाही राग येत होता. मला वाटत होतं, यांनी मला शिव्या घालाव्यात, चांगलं फैलावर घ्यावं. नाहीतर निदान माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणावं, की जाऊ दे, पोरी. दोहोंपैकी काहीही चाललं असतं.

वर्तकांनी वही मिटली आणि खिशात घातली.

"पाहिलं त्या दिवशी लिहिलं, तर ती नोंद," ते म्हणाले. "नंतर लिहिलं, तर ती गोष्ट. मी गोष्टी धरत नाही, रश्मी."

आवाजात राग नव्हता. कुणा नवशिक्याला नियम सांगावा, इतक्या साधेपणाने सांगितलं. मग उठले, बाकावरचा चकलीचा चुरा, कुणीतरी सांडलेला, हाताने गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि फाटकाकडे चालायला लागले. मी मागोमाग स्टॉपपर्यंत गेले. बस आली. त्यांनी कार्ड लावलं आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. ड्रायव्हर माझ्यासाठी थांबला, मानेने विचारलंही, येताय का? मला त्याच बसने जायचं होतं.

मी चढले नाही.